बावीस मिनिटांचा अहवाल

आमच्या बसवप्रभा सोसायटीत चार गल्ल्या आहेत, आणि प्रत्येक गल्लीची ठाम समजूत आहे की पाणी बाकीच्या तिन्ही गल्ल्यांना जास्त येतं. ही समजूत चारही गल्ल्यांच्या बाबतीत एकाच वेळी खरी असू शकत नाही, असं मी एकदा शेजारच्या राजेश्वरी वहिनींना समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय मॅडम, तुम्ही सायन्सच्या."

मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी मला एक लिटरचं काचेचं मोजपात्र भेट दिलं. इतरांना घड्याळं, गणपती वगैरे मिळतात. माझं मोजपात्र तीन वर्षं शोकेसमध्ये होतं आणि पाहुणे त्याला फुलदाणी समजत. ते तिथेच राहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पाणी आम्हाला चार दिवसांनी येतं. ही तक्रार नाही, कालगणना आहे. आमच्याकडे मुलगी बघायला येणाऱ्यांनासुद्धा "शुक्रवारी नको, पाणी आहे" असं सांगतात आणि ते समजून घेतात, कारण त्यांच्याकडे शनिवारी असतं. पाणी सोडतो तिप्पण्णा. तो खांद्यावर बंदुकीसारखी लांब लोखंडी चावी टाकून मोपेडवरून येतो, सकाळी दहाला पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतो, तो बंद करून दुसरीचा, मग तिसरीचा, शेवटी चौथीचा. दिल्लीत, मुंबईत कोणाचं सरकार आहे यावर आमच्या सोसायटीत मतभेद आहेत. इथे कोणाचं आहे यावर नाहीत.

गेली काही वर्षं आमच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. माजी होते आणि भावी होते, दोघेही फ्लेक्सवर. वर्तमानकाळात कोणीच नव्हतं. त्यामुळे आता नागरिकांनीच कारभारात सहभागी व्हावं असं वरून ठरलं आणि शाळेच्या हॉलमध्ये 'नागरिक संवाद' भरला. मागे फलक होता: 'आपला प्रभाग, आपला सहभाग'. दारात प्रत्येकाला एक फॉर्म दिला. त्यात सातवा प्रश्न असा होता: 'आपण प्रशासनात कशा प्रकारे सहभाग घेऊ इच्छिता?' खाली चार चौकटी. वृक्षारोपण, घोषवाक्य लेखन, प्रभातफेरी आणि इतर.

बाकीच्या एकशे बारा नागरिकांनी प्रभातफेरीवर खूण केली. मी 'इतर' या चौकटीत खूण केली आणि पुढच्या रेषेवर 'मोजमाप' असं लिहिलं. मला वाटलं, नाहीतरी फॉर्म वाचतं कोण.

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर युवराज साहेब यांनी तो माइकवरून वाचला.

"मोजमाप! वा! कोण आहेत या मॅडम?" मी हात अर्धा वर केला. "बघा, नागरिक असा पाहिजे. नुसतं पाणी कमी येतं, पाणी कमी येतं. किती कमी? कोणाला? डेटा द्या मॅडम, आम्ही त्याच दिवशी ॲक्शन घेऊ."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठी टाळी मृत्युंजय अण्णांची होती.

मृत्युंजय अण्णा म्हणजे राजेश्वरी वहिनींचे यजमान, आमच्या दुसऱ्या गल्लीचे नेते. कोणी निवडलेलं नाही, पण त्यांच्याइतका वेळ कोणाकडेच नाही. 'दुसऱ्या गल्लीवरचा अन्याय' हा त्यांचा विषय. या विषयावर ते कुठल्याही विषयातून येऊ शकतात. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या दहाव्याला त्यांनी 'गेलेला माणूस सुटला' या वाक्यावरून अडीच मिनिटांत दुसऱ्या गल्लीचं पाणी गाठलं होतं. मी तिथे होते.

त्याच संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर 'पाणी हक्क समिती' स्थापन झाली. मला निमंत्रक केलं, कारण काम मलाच करायचं होतं.

"मॅडम, आता तुम्ही फक्त सिद्ध करायचं," अण्णा म्हणाले.

"काय सिद्ध करायचं?"

"की आपल्याला कमी येतं."

"आधी मोजावं लागेल."

"मोजा की! मोजून सिद्ध करा."

या दोन गोष्टींत फरक आहे असं मला सांगायचं होतं, पण तेवढ्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी आली आणि समितीचं लक्ष गेलं.

आमचे हे कोपऱ्यात बसून होते. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वेळापत्रक ही प्रशासनाने व्यक्त केलेली इच्छा असते, असं त्यांचं मत आहे. घरी येताना एवढंच म्हणाले, "मोजू नकोस. मोजलं की भांडणं होतात. न मोजता नुसतं बोललं की माणसं एकत्र राहतात."

मी ऐकलं नाही. नवी पेठेत जाऊन एक स्टॉपवॉच घेतलं. दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि "नातवासाठी का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याला पाण्याबद्दल सांगितलं असतं तर त्याने स्वतःच्या गल्लीबद्दल सांगितलं असतं.

मग मी शोकेसमधलं मोजपात्र काढलं आणि आमची निळी बादली मोजली. दुकानात जी सोळा लिटरची म्हणून दिली होती, ती चौदा लिटर दोनशे मिलिलिटरची निघाली. इथेच मला थांबायला हवं होतं. पण खोटेपणाची एक जागा सापडली की विज्ञान शिकलेल्या माणसाला पुढची शोधण्याचा उत्साह येतो.

पहिल्या पाण्याच्या दिवशी मी बादली, स्टॉपवॉच आणि वही घेऊन तिप्पण्णाच्या मागे निघाले. प्रत्येक गल्लीतल्या पाच घरांत बादली किती सेकंदांत भरते ते मोजायचं आणि व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडा असतो त्याची नोंद करायची, इतकं साधं काम. पहिल्याच घरात दार उघडायला पाच मिनिटं लागली. आतून ओढाओढीचे आवाज येत होते. दार उघडलं तेव्हा घरातल्या बाई घामाघूम होत्या आणि दिवाणावरची चादर ओली होती.

मोटार! नळाला थेट मोटार लावून पाणी ओढायला बंदी आहे. त्यामुळे ती सगळ्यांकडे असते आणि कोणाकडेच नसते. त्या दिवशी मी वीस घरांत गेले आणि वीस घरांनी आपापली मोटार लपवली. एका घरात ती देव्हाऱ्याखाली होती, अण्णांच्या घरात दिवाणात, एका घरात पाळण्यात. पाळण्यातल्या मोटारीवर दुपटं घातलेलं होतं आणि आजी तिला झोकाही देत होत्या. एरवी काही का असेना, बिनमोटारीचं खरं रीडिंग मिळालं, म्हणून मी कोणाला काही म्हटलं नाही.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र चौदा लिटर दोनशे मिलिलिटरची बादली एकोणतीस सेकंदांत भरली. गल्लीत इतरत्र सत्तर-बहात्तर सेकंद लागत होते. मी पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणतीस. प्रयोगात एखादं रीडिंग इतकं वेगळं आलं की उपकरण तपासायचं असतं, म्हणून मी पाइपच्या मागे मागे परसात गेले. तिथे तुळशीमागे आमचं जुनं तांब्याचं घंगाळ पालथं घातलेलं होतं आणि ते गुरगुरत होतं.

मी घंगाळ उचललं. मग यांच्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"वास्तुशांतीपासून," हे म्हणाले.

म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षं मी गल्लीतल्या बायकांना मोटार लावणं हा सामाजिक गुन्हा आहे असं सांगत होते, आणि त्या माना डोलवत होत्या. आता आठवलं, डोलवताना त्या एकमेकींकडे बघत. मी वहीत लिहिलं: 'घर क्र. सात (निमंत्रक यांचे): मोटार आढळली. रीडिंग रद्द.' हे म्हणाले, "लिहिलंस?" मी म्हटलं, "लिहावं लागतं."

तिप्पण्णाला माझं मागे येणं आवडत नव्हतं. "म्याडम, माझा पेपर तपासायलाय की काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, फक्त वेळ लिहितेय. "मग लिवा की. आमी काय चोर न्हाय." पण दुसऱ्या गल्लीत आल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि चावी भिंतीला टेकवून थेट मृत्युंजय अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसला. राजेश्वरी वहिनींनी चहा आणला. मग अण्णांनी सुरुवात केली.

"तिप्पण्णा, अरे माणुसकी आहे का नाही? आमच्या गल्लीनं काय घोडं मारलंय?"

"व्हय अण्णा."

"पहिल्या गल्लीला बघ. तिसऱ्या गल्लीला बघ..."

"व्हय की."

चहा संपला, चिवडा आला. चिवडा संपला, दुसरा चहा आला. अन्याय चालूच होता. अखेर अण्णांना खोकला लागला तेव्हा तिप्पण्णा उठला आणि त्याने आमचा व्हॉल्व्ह बंद केला. मी स्टॉपवॉच पाहिलं. अडुसष्ट मिनिटं.

पहिल्या गल्लीला सेहेचाळीस मिळाली होती.

तिसऱ्या गल्लीत कोणी चहा विचारत नाही, तिथे सेहेचाळीस. चौथी गल्ली उताराच्या शेवटी आहे. तिथल्या बहुतेक बायका सकाळीच टॉवेलच्या कारखान्यात जातात, घराला कुलूप असतं आणि अंगणात रिकामी पिंपं नळाखाली तोंड उघडून बसलेली असतात. तिप्पण्णाची सुट्टी एक वाजून चार मिनिटांच्या सुमाराला होते. त्यामुळे चौथीला उरेल ते मिळतं. मी मोजलं. चोवीस मिनिटं.

चौथ्या गल्लीच्या टोकाला निंगव्वा राहते. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी. मुलगा करमाळ्याला असतो. दिवसभर शेजारणींच्या पिंपांवर लक्ष ठेवणं हे तिने आपलं काम मानलं आहे. पहिलं भरलं की नळी काढून दुसऱ्यात टाकते, मग तिसऱ्यात. सहा घरांची दहा आणि तिचं स्वतःचं एक, अशी अकरा पिंपं. शेवटचं पिंप तिचं. मी गेले तेव्हा ती सहाव्या पिंपाशी होती आणि पाणी गेलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. चार दिस." तिने नळी गुंडाळली. "बाई, तुझ्या घड्याळात बगून पाणी वाढतं काय?"

"नाही."

"मग कशाला उन्हात हिंडतीस?"

त्या दिवशी बेचाळीस अंश होतं. तिच्या घरात एका हंड्यावर तीन हंडे पालथे होते, भरलेला फक्त खालचा. तिने त्यातलंच तांब्याभर पाणी मला प्यायला दिलं. मी नको म्हटलं. तर ती रागावली.

एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून मी चार फेऱ्या मोजल्या, म्हणजे सोळा दिवस. या काळात अण्णा रोज विचारत, "काय म्हणतोय डेटा?" मी म्हणे, "अजून गोळा होतोय." ते समाधानाने मान हलवत. त्यांना वाटे, अन्याय गोळा होतोय.

चारही फेऱ्यांत आकडे एक-दोन मिनिटांच्या फरकाने तेच आले. सेहेचाळीस, अडुसष्ट, सेहेचाळीस, चोवीस. एके दिवशी अण्णा बार्शीकडे लग्नाला गेले होते, म्हणून मी एक जादा रीडिंग घेतलं. त्या दिवशी ओसरीवर कोणी बोलायला नव्हतं. तिप्पण्णा एक चहा पिऊन उठला. आमच्या गल्लीला सत्तेचाळीस मिनिटं पाणी आलं आणि निंगव्वाचं पिंप पाऊण भरलं.

मी आलेख काढला. आडव्या अक्षावर अण्णांच्या तक्रारीची लांबी, उभ्या अक्षावर आमच्या गल्लीचं पाणी. सरळ रेषा आली. आयुष्यभर मुलांकडून इतकी सरळ रेषा मला कधी मिळाली नव्हती. आम्हाला कमी पाणी येतं असं अण्णा जितका वेळ सांगत, तितका वेळ आम्हाला जास्त पाणी येत होतं.

समितीपुढे मी अहवाल वाचला तेव्हा सगळे एकदम बोलले.

"घड्याळ चुकलं असेल."

"नवी पेठेतलं आहे ना? चायनाचंच असणार."

"मॅडम, तुम्ही माहेरच्या चौथ्या गल्लीतल्या आहात का?" हे राजेश्वरी वहिनी. मी माहेरची अक्कलकोटची आहे हे त्यांना चांगलं माहीत आहे.

अण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही तुम्हाला सिद्ध करायला सांगितलं होतं. तुम्ही मोजत बसलात."

मग तडजोडी सुचवण्यात आल्या. चौथी गल्ली गाळावी. अडुसष्टच्या जागी 'सुमारे चाळीस' लिहावं. अहवाल सादर करावा पण आकड्यांशिवाय. यांनी घरी येऊन चौथा उपाय सुचवला: "खरं बोल, पण आधी टाकी भरून घे." मी त्या रात्री नीट झोपले नाही. एकीकडे गल्ली, जिथे मला मरेपर्यंत राहायचं आहे. दुसरीकडे अकरावं पिंप. आणि त्या पिंपाच्या मालकिणीच्या हंड्यातलं पाणी मी प्यायले होते, हे काही केल्या रद्द करता येत नव्हतं.

सकाळी मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जाऊन अहवाल आलेखासकट दिला. आवक क्रमांक मिळायला तीन खेपा पडल्या, कारण 'तक्रार' आणि 'मागणी' असे दोनच रकाने होते. माझा कागद यांपैकी काय, ते कोणाला कळेना. मी 'माहिती' म्हटलं. आवक खिडकीवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला काहीच नकोय?" मी म्हटलं, चौथ्या गल्लीला आणखी बावीस मिनिटं हवीत. "मग मागणी लिहा ना." मागणी असेल तर राहत्या गल्लीचा पुरावा लागतो. मी दुसऱ्या गल्लीत राहते. दुसऱ्या गल्लीच्या नागरिकाला चौथ्या गल्लीची मागणी करता येत नाही. शेवटी कागद 'तक्रार' म्हणून दाखल झाला, दुसऱ्या गल्लीची, दुसऱ्या गल्लीविरुद्ध.

युवराज साहेब शब्दाला जागले. पंधरा दिवसांत दोन कारवाया झाल्या.

पहिली माझ्या घरी. जीपमधून चार माणसं आली आणि म्हणाली, "मोटार जप्त करायचीय." सोसायटीत निदान साठ मोटारी होत्या. लेखी पुरावा एकीचाच होता, माझ्याच अहवालात, माझ्या अक्षरात. पंचनाम्याला दोन पंच लागतात. मृत्युंजय अण्णा लगेच आले. कागद सही करायला गुडघ्यावर नीट बसेना, म्हणून पंचनामा त्यांच्याच घरी दिवाणावर बसून लिहिला. त्या दिवाणात काय होतं हे मला माहीत होतं, लिहिणाऱ्यालाही बहुधा असावं, कारण तो सारखा सरकून बसत होता. 'सदर मोटार तुळशीमागे घंगाळाखाली दडवून ठेवलेली मिळून आली,' असं वाचून अण्णांनी सही केली आणि मला म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मॅडम." मोटार घेऊन जाताना जीपवाल्यांनी घंगाळही नेलं. ते माझ्या सासूबाईंचं होतं. अजून मुद्देमालात आहे.

दुसरी कारवाई म्हणजे आदेश. तो सोसायटीच्या फलकावर लागला: 'गल्ली क्र. दोनचा पाणीपुरवठा यापुढे सेहेचाळीस मिनिटे राहील. गल्ली क्र. दोन येथे कर्तव्यावर असताना व्हॉल्व्ह ऑपरेटरने चहा, अल्पोपाहार अथवा तक्रार स्वीकारू नये.'

आमच्या गल्लीने माझ्याशी बोलणं बंद केलं. राजेश्वरी वहिनी माझ्या दारावरून जाताना रिकामी कळशी या हातातून त्या हातात घेत, मला दिसावी म्हणून. संक्रांतीपासून आमच्याकडे असलेला त्यांचा डबा त्यांनी परत मागवला. मी सगळं सहन केलं. म्हटलं, निंगव्वाचं पिंप तर भरेल.

पुढच्या पाण्याच्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन गेले. सेहेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस आणि चौथीला चोवीस.

मी दोनदा बेरीज केली. पूर्वी एकशे चौऱ्याऐंशी मिनिटं होत होती, आता एकशे बासष्ट. पदार्थ नाहीसा होत नाही, असं मी एकतीस वर्षं शिकवलं. पाणी हा पदार्थ आहे.

"वरनं सांगितलंय की," तिप्पण्णा म्हणाला. "दुसरीची बावीस मिंटं वाचली तर बावीस मिंटं आधी बंद करायचं. बारा बेचाळीसला. बचत हाय म्हनं ती."

मी युवराज साहेबांना भेटले. ते उत्साहात होते. "मॅडम, तुमचाच डेटा, तुमचीच बचत! बावीस मिनिटं! वरपर्यंत कौतुक झालंय."

"पण ती चौथ्या गल्लीची होती."

"चौथ्या गल्लीची तक्रार आहे का आमच्याकडे?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "नाही. बघा, एकही नाही. समाधानी गल्ली आहे."

सहा घरांतल्या बायका कारखान्यात आणि निंगव्वा पिंपांपाशी. तक्रार करायला जाणार कोण?

दुसऱ्या 'नागरिक संवादा'त आमच्या गल्लीला 'जलमित्र गल्ली' म्हणून गौरवण्यात आलं. माजी नगरसेवक चन्नवीर अण्णा प्रमुख पाहुणे होते. ते तोपर्यंत भावीही झाले होते. त्यांच्या हस्ते गल्लीतल्या प्रत्येक घराला एक सोलापुरी टॉवेल देण्यात आला. ज्या गल्लीतली माणसं त्या आठवड्यात दिवसाआड अंघोळ करत होती, तिला टॉवेल. मृत्युंजय अण्णांनी तो घेतला, कारण फोटो होता. माझा फोटो चन्नवीर अण्णांच्या शेजारी फ्लेक्सवर आला, खाली 'थेंबे थेंबे सहभाग'. तो फ्लेक्स हमरस्त्यावर त्यांच्या मेव्हण्याच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर लावला आहे. मी बघायला गेले तेव्हा पावणेएक वाजले होते आणि एका पांढऱ्या जीपवर जोराचा फवारा चालू होता. त्या पाण्याचं मी मोजमाप केलेलं नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणत नाही.

घरी येऊन मी तो आदेश पुन्हा वाचला. मी कागद नीट वाचते. 'गल्ली क्र. दोन येथे' चहा, अल्पोपाहार आणि तक्रार स्वीकारू नये. चौथीबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि माझ्याकडे सरळ रेषेचा आलेख होता.

पुढच्या फेरीला थर्मासमध्ये चहा, डब्यात भाकरी-चटणी घेऊन मी निंगव्वाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तिप्पण्णाने व्हॉल्व्ह उघडला. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि तक्रारीला सुरुवात केली. चौथ्या गल्लीची घरं, पिंपांची संख्या, मिळणारी मिनिटं, हवी असलेली मिनिटं. माझी तक्रार मुद्देसूद असल्यामुळे दीड मिनिटात संपली. तिप्पण्णाने कप ठेवला.

"झालं का म्याडम?"

मी आठवून पाहिलं. झालं होतं.

तो बारा बेचाळीसला उठला. निंगव्वा सहाव्या पिंपाशी होती.

त्या संध्याकाळी मी माझा मान बाजूला ठेवला आणि मृत्युंजय अण्णांच्या ओसरीवर गेले. अण्णा खाली मान घालून बसले होते. तीन आठवड्यांत ते वाळले होते. पाणी कमी झाल्याने नव्हे. तिप्पण्णा आता ओसरीसमोरून मान खाली घालून जात होता, आणि इतर कोणी अण्णांचं पूर्वीही ऐकत नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "आपल्या गल्लीला खरंच कमी पडतंय. अडुसष्टची सेहेचाळीस झाली."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही म्हणताय हे?"

"डेटा म्हणतोय. पण ऐकून घ्यायला तिप्पण्णाला इथे बंदी आहे. चौथ्या गल्लीत नाही."

शुक्रवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निंगव्वाच्या कट्ट्यावर हजर होते. राजेश्वरी वहिनींनी चिवडा दिला होता, माझ्याशी न बोलता, माझ्याच डब्यात. तिप्पण्णाने व्हॉल्व्ह उघडला, चावी भिंतीला टेकवली, चहा हातात घेतला. अण्णांनी घसा साफ केला.

"तिप्पण्णा, अरे माणुसकी आहे का नाही?"

"व्हय अण्णा," तिप्पण्णा म्हणाला आणि त्याने भिंतीला पाठ टेकली. त्यालाही करमत नसावं.

बारा बेचाळीस झाले. अण्णा तेव्हा पहिल्या गल्लीवर होते. बारा पन्नासला वहिनींचा चिवडा निघाला. निंगव्वाने नववं पिंप भरलं. एकला अण्णा जप्त झालेल्या घंगाळावर आले आणि माझी बाजू घेऊन इतके गहिवरले की पंच तेच होते हे त्यांना आठवलंही नाही. दहावं पिंप. एक वाजून एका मिनिटाने त्यांचा आवाज बसला. ते थांबले, पाणी मागितलं. तिप्पण्णाचा हात चावीकडे गेला.

निंगव्वा नळी हातात धरून अंगणातून ओरडली, "का थांबलास रे अण्णा? बोल की! तुज्या गल्लीवर लई अन्याय झालाय!"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझं पिंप राहिलंय."